शाळेत चकार शब्द न काढणारं मूल: जबरदस्तीही नको, सुटकाही नको

साडेचार वर्षांची मुलगी. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू: गाणी, भांडणं, प्रश्नांवर प्रश्न. शाळेत जायला लागून सात महिने झाले आणि तिथे अजून चकार शब्द नाही. शिक्षिका म्हणतात हट्टी आहे, घरातली मोठी माणसं म्हणतात मोठी झाली की बोलेल. तुम्ही विचारलंय की थांबावं की कोणाला दाखवावं, आणि मधल्या काळात स्वतः काय करावं.

थांबू नका. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि अशी मुलं घेऊन येणाऱ्या बहुतेक आईवडिलांना त्याआधी कोणीतरी ‘थांबा, होईल आपोआप’ असं सांगितलेलं असतं. हा त्रास साधारण दोन ते पाच या वयात सुरू होतो, पण मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचतं ते बऱ्याचदा सहा-सात वर्षांचं झाल्यावर, कधी त्याहूनही उशिरा. मधल्या काळात ते न बोलता निभावून नेण्यात तरबेज होतं आणि वर्गाच्याही ते अंगवळणी पडतं. मग तीच गाठ सोडवायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

तुमच्या वर्णनाशी जुळणारं निदान आहे सिलेक्टिव्ह म्युटिझम. मुलीला न बघता मी शिक्का मारणार नाही, पण निकष सांगते. मूल काही ठिकाणी व्यवस्थित बोलतं, आणि जिथे बोलणं अपेक्षित असतं अशा ठरावीक ठिकाणी सातत्याने बोलत नाही. हे किमान महिनाभर चाललेलं असावं लागतं, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण तेव्हा पुष्कळ मुलं गप्प असतात. त्यामुळे शिकण्यात किंवा मिसळण्यात अडथळा यायला हवा, आणि भाषा येत नाही किंवा दुसराच काही आजार आहे, हे त्यामागचं कारण नसावं. लहान शाळकरी मुलांच्या पाहण्यांत हे प्रमाण शेकडा एकाच्या थोडं खाली भरतं, मुलींमध्ये किंचित जास्त. मोठ्या शाळेत अशी दोन-चार मुलं असतातच. ती दंगा करत नाहीत, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

आता हट्टीपणाचं. हजेरी चालू असताना, आपल्या नावाच्या आधीची दोन नावं पुकारली जात असतानाच, अशा मुलाकडे नीट बघा. मान ताठ होते, ओठ घट्ट मिटतात, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. हातात खडू असेल तर तो हात होता तिथेच थांबतो. नाव पुकारलं की नजर खाली जाते किंवा एकाच जागी खिळते, आणि पुढच्या मुलाचं नाव आलं की खांदे सैल होतात. हट्ट करणारं मूल समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालतं, काहीतरी मिळवायला बघतं. इथे मिळवायचं काहीच नसतं, अक्षरशः दातखीळ बसलेली असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत ही अवस्था चिंतेच्या विकारांमध्ये घातली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही ती तिथेच आहे. शिक्षिकांशी बोलताना हे जरूर सांगा. ‘आमची मुलगी हट्टी नाही’ असं आईवडील म्हणाले की ती तक्रार वाटते. ‘हा चिंतेचा विकार आहे’ म्हटलं की ऐकणारा जरा थांबतो.

बोलणं हे त्यातलं फक्त वर दिसणारं लक्षण. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते शौचालयाचं. जायचं असं सांगता येत नाही म्हणून मूल तासन्‌तास दाबून ठेवतं, पाणी पीत नाही, कपडे ओले होतात. पडलं, लागलं, कोणी मारलं तरी सांगत नाही. काही मुलं सगळ्यांसमोर खातही नाहीत. म्हणून शाळेशी पहिलं बोलणं शब्दांबद्दल करू नका, या गोष्टींबद्दल करा. शौचालयासाठी एक चित्राचं कार्ड किंवा ठरलेली खूण, आणि शिक्षिकेने ठरावीक वेळी स्वतःहून तिला घेऊन जाणं, एवढं उद्यापासून होऊ शकतं.

शांत स्वभावाचं मूल आणि हे मूल यांत फरक आहे. शांत मूल नव्या जागी तासभर, आठवडाभर आईला चिकटतं, मग हळूहळू खुलतं. या मुलात तसं खुलणं होत नाही, रेषा आखल्यासारखी जागेला आणि माणसाला बांधलेली असते. वर्गाच्या दारापर्यंत बडबड, उंबरा ओलांडला की बंद. वडिलांशी फोनवर गप्पा, आणि शेजारचं कोणी खोलीत आलं की वाक्य अर्ध्यात तुटतं. ही रेषा तुम्हाला स्पष्ट आखून दाखवता येत असेल, तर संशय बळावतो.

काही गोष्टी मात्र आधी तपासून घ्याव्या लागतात. ऐकण्याची चाचणी करून घ्या. भाषेची आणि उच्चारांची तपासणीही हवी, कारण या मुलांपैकी बऱ्याच जणांना, अनेक अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलांना, बोलण्यात किंवा भाषेत सौम्य अडचण असते. आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही हे मुलाला जाणवलेलं असतं. मूल तज्ज्ञासमोर बोलणार नाही हे उघड आहे, म्हणून घरी खेळतानाचं रेकॉर्डिंग न्या. मी तरी पहिल्या भेटीत मुलाच्या तोंडून एकही शब्द निघावा अशी अपेक्षा ठेवत नाही.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असेल तर मूल सुरुवातीचे काही महिने नव्या भाषेत गप्प असतं, ते स्वाभाविक आहे. पण ते मूल खाणाखुणा करतं, खेळात सामील होतं आणि आपली भाषा बोलणारं कोणी भेटलं की त्याच्याशी बोलतं. शाळेत घरचीच भाषा बोलणारी मैत्रीण असूनही तिच्याशीसुद्धा बोलत नसेल, तर सगळं भाषेवर ढकलून चालणार नाही. स्वमग्नतेत (ऑटिझममध्ये) संवादाच्या अडचणी घरीही दिसतात, जागा बदलली म्हणून त्या नाहीशा होत नाहीत. दोन्ही एकत्र असू शकतात, पण तो निवाडा बालविकासतज्ज्ञाने करायचा.

आणि ‘हिच्या बाबतीत काहीतरी घडलं असणार’ ही शंका जवळजवळ प्रत्येक कुटुंबात येते. बहुतेक मुलांमध्ये असं काही घडलेलं नसतं. आढळते ती जन्मजात बुजरी, सावध प्रकृती, आणि अनेकदा घरातल्या कोणाचा तरी लहानपणी तसाच असलेला स्वभाव. पण आधी सगळ्यांशी बोलणारं मूल अचानक सगळ्यांशीच, घरच्यांशीही, बोलायचं थांबलं, तर ते चित्र वेगळं आहे. तेव्हा एकही दिवस न दवडता डॉक्टरकडे जा.

हा त्रास टिकतो कशामुळे, ते आता सांगते, कारण उपाय त्यातूनच निघतात. कोणीतरी मुलीला विचारतं, ‘नाव काय गं तुझं?’ भीती उसळते, आवाज अडकतो. दोन सेकंद, तीन सेकंद. तेवढ्यात तुम्ही तिचं नाव सांगून मोकळ्या होता. मुलीचा जीव भांड्यात पडतो, तुमचाही, आणि विचारणाऱ्याचाही. तिघांनाही हायसं वाटलं, म्हणजे पुढच्या वेळी तिघंही हेच करणार. न बोलल्याने भीती उतरते, हे तिचं शरीर रोज नव्याने शिकतं. प्रेमापोटी केलेली ही मदत आजाराला खतपाणी घालते. उलट, बोलण्याची जबरदस्ती केली, ‘बोल ना, काकांना नाव सांग, नाहीतर घरी जाऊया’, की भीती आणखी चढते आणि शेवटी तीच जिंकते. म्हणून दबावही काढायचा आणि तिच्या वतीने बोलणंही हळूहळू सोडायचं, हे दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. नुसता दबाव काढला तर मूल सुखात गप्प राहतं. नुसती सुटका काढून घेतली तर ते कोलमडतं.

सुरुवात मुलीशी बोलण्यापासून करा. अशा मुलांशी या विषयावर कोणी बोलतच नाही, सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत बोलतात. घरी, निवांत असताना, साध्या शब्दांत सांगा: ‘शाळेत तुझा आवाज अडकतो ना, ते मला माहीत आहे. बऱ्याच मुलांचं तसं होतं. तू मुद्दाम करत नाहीस. आपण हळूहळू तो मोकळा करणार आहोत, तोपर्यंत तुला कोणी बोलायला लावणार नाही.’ बहुतेक मुलं ऐकून घेतात आणि दुसऱ्याच विषयावर जातात. काही जण दोन दिवसांनी एखादा नेमका प्रश्न विचारतात. घरी आल्यावर ‘आज बोललीस का?’ हे विचारणं आजपासून बंद. आमिषंही बंद. ठरवून घेतलेल्या छोट्या पायरीनंतर चिकटचित्र किंवा खेळाचं बक्षीस द्यायला हरकत नाही, पण पाहुण्यांसमोर ऐन वेळी दाखवलेली लालूच ही जबरदस्तीच असते.

मग एक नकाशा काढा. कोणाशी, कुठे, किती आवाजात, आणि आजूबाजूला कोण असताना. कुजबुज, एक शब्द, पूर्ण वाक्य, स्वतःहून बोलणं, हे सगळे वेगळे टप्पे धरा. मानेने हो-नाही, बोट दाखवणं, आवाज न काढता हसणं, हेही लिहा. तुम्हाला आढळेल की ‘शाळेत बोलत नाही’ हे वाक्य फार ढोबळ होतं. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला, कोणी जवळ नसताना, ती तुमच्याशी बोलते का? बोलत असेल तर शाळेच्या आवारात आवाज निघाला. काम तिथून सुरू करायचं.

बोलण्याची पद्धत बदलणं हा भाग आईवडिलांना सगळ्यात अवघड जातो, कारण तो सतत करावा लागतो. नव्या माणसाने मुलीशी पहिली काही मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. शेजारी बसायचं, समोर नाही. ती करते त्याचं वर्णन करायचं: ‘तू निळा ठोकळा वर ठेवलास. अरे, मनोरा उंच झाला.’ तिच्याकडून काही मागायचं नाही, खेळ तिच्या हातात ठेवायचा. ती सैलावली, हालचाल मोकळी झाली, की मगच प्रश्न, आणि तोही विचार करून. ‘हे लाल आहे का?’ असं विचारलं की मान हलवून काम भागतं. ‘हे लाल आहे की निळं?’ याला मान पुरत नाही, आणि दोन्ही शब्द तुम्ही तिच्या हाती दिलेले असतात. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. पाच सेकंद किती लांब असतात हे एकदा करून बघाल तेव्हा कळेल. मधे मदतीला धावू नका, चेहऱ्याकडे एकटक बघूही नका. उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न शांतपणे आणखी एकदा, किंवा पर्याय आणखी सोपे करून. तरीही नाही, तर ‘बरं, नंतर बघू’ म्हणून पुन्हा खेळाच्या वर्णनाकडे वळा. ‘जाऊ दे, नको सांगूस’ म्हणू नका, कारण त्यात दार लावून घेतल्यासारखं होतं.

शब्द निघाला की टाळ्या, मिठ्या, ‘अहो ऐकलंत का, बोलली!’ यातलं काहीही नको. ‘निळा. सांगितलंस म्हणून मला कळलं’, एवढंच, आणि खेळ पुढे. कित्येक मुलं पहिल्या शब्दानंतरच्या गाजावाजाने पुन्हा काही आठवडे मिटलेली मी पाहिली आहेत. कुजबुज आली तर ती स्वीकारा, पण कान तोंडाजवळ नेऊ नका. ‘मला नीट ऐकू आलं नाही’ म्हणून जागेवरच थांबणं चालतं.

शाळेतलं मुख्य काम म्हणजे बोलत्या माणसाला घेऊन आत शिरणं आणि मग त्या जागी हळूहळू दुसऱ्याला आणणं. एक उदाहरण देते. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मुलगी दोघीच चित्रांच्या पत्त्यांचा खेळ खेळतात. पहिले दोन-तीन दिवस शिक्षिका येतही नाहीत. मुलीचा नेहमीचा आवाज त्या वर्गात लागायला हवा, त्याआधी पुढे जायचं नाही. मग शिक्षिका बाहेरच्या व्हरांड्यात, दार बंद. मग दार किलकिलं. मग दारात, पाठमोऱ्या, हातात वही. मग वर्गात कोपऱ्यात, तशाच पाठमोऱ्या. मग जरा जवळ. मग खेळाच्या टेबलापाशी, पण खेळात नाहीत. मग पत्ता उलटतात, बोलत नाहीत. मग पत्त्यावरचं नाव म्हणतात, आणि पाळीपाळीने आई, मुलगी, शिक्षिका अशी नावं घेतली जातात. शेवटी शिक्षिकेचा पहिला ‘हे की ते?’ असा पर्यायी प्रश्न. आवाज खाली गेला, मधे खूप वेळ शांतता पडली, मुलगी आईच्या कानात बोलू लागली, की एक पायरी मागे. सगळ्यांचा नेहमी मोह होतो तो दोन पायऱ्या एकदम चढण्याचा, विशेषतः काम चांगलं चाललेलं असताना. शिक्षिकांशी बोलणं जमलं की आईने याच पद्धतीने बाहेर पडायचं: आधी टेबलापासून दूर, मग दारात, मग व्हरांड्यात. त्यानंतर एक मैत्रीण, मग दोन.

आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा तीन-चार वेळा पंधरा मिनिटं बसणं कितीतरी चांगलं. शाळेत एकच ठरलेली व्यक्ती हवी, आणि ती वर्गशिक्षिकाच असली पाहिजे असं नाही. जिच्याकडे खरोखर पंधरा मिनिटं आहेत ती. वेळ नाही म्हणणाऱ्या शिक्षिकांवर मी चिडत नाही, तीस-चाळीस मुलांच्या वर्गात तो खरंच नसतो. पण एवढं प्रत्येकीला जमतं: हजेरीला सगळ्याच वर्गाने हात वर करणं, सर्वांसमोर तिला प्रश्न न विचारणं, आणि कोणी मूल ‘ही बोलतच नाही’ म्हणालं तर लगेच, सहज सांगणं, ‘ती घरी खूप बोलते, इथे तिला वेळ लागतोय.’ या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देते. ‘न बोलणारी’ ही वर्गातली ओळख एकदा पक्की झाली की तिच्यातून बाहेर पडायला भीती सोडण्याइतकंच धैर्य लागतं, कारण पहिला शब्द निघताच सगळा वर्ग वळून बघणार हे मुलाला ठाऊक असतं.

बाहेरच्या जगात तुम्ही तिच्या वतीने बोलणं कमी करायचं ते टप्प्याटप्प्याने. दुकानात आधी तुम्ही मागायचं, ती वस्तू हातात घेईल. मग तुम्ही विचारायचं, ‘मोठी की छोटी?’, ती तुम्हाला सांगेल आणि तुम्ही दुकानदाराला. यात तिचा आवाज परक्या माणसाच्या कानावर पडला, आणि तिला त्याच्याशी बोलावंही लागलं नाही. कोणी नाव विचारलं तर पाच आकडे मोजा. मग तिच्याकडे वळून तुम्हीच पर्यायी प्रश्न करा, किंवा ‘आम्ही जरा वेळाने सांगू’ म्हणा. तिच्यासमोर ‘लाजते हो’ म्हणणं सोडा.

औषधाचंही विचारलं जातं. लहान वयात पहिला उपाय हाच, वागणुकीवर आधारलेला. मूल मोठं असेल, चिंता फार तीव्र असेल किंवा व्यवस्थित प्रयत्न करूनही गाडी अडून बसली असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा विचार करतात. त्यावरचे अभ्यास लहान आहेत. औषध दिलं तरी या पायऱ्या चढाव्या लागतातच, ते फक्त चढण सोपी करतं.

लवकर सुरुवात करण्याबद्दल मी एवढी आग्रही का आहे? नॉर्वेत घर आणि शाळा धरून अशाच पद्धतीने उपचार केलेल्या ३० मुलांचा अभ्यास झाला. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा २१ मुलं या त्रासातून पूर्ण बाहेर आलेली होती, आणि तीन ते पाच या वयात सुरुवात केलेल्यांना सहा ते नऊ या वयातल्या मुलांपेक्षा जास्त फायदा झाला होता. काही मुलं उपचारांशिवायही बोलू लागतात हे खरं. पण बोलणं सुरू झालं तरी लोकांसमोर येण्याची भीती त्यांच्यात पुष्कळदा उरते. तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, म्हणजे वय तिच्या बाजूने आहे.

वर्ग बदलण्याच्या वेळेवर मात्र लक्ष ठेवा. वर्षभर कमावलेलं नव्या शिक्षिकेसमोर शून्यावर येऊ शकतं. सुट्टी लागण्याआधीच नव्या वर्गात, नव्या शिक्षिकेबरोबर तोच पत्त्यांचा खेळ सुरू करा, आणि सध्या जिच्याशी ती बोलते ती मैत्रीण त्याच तुकडीत राहील असं शाळेला सांगा.

तज्ज्ञ निवडताना दोन प्रश्न विचारा: तुम्ही शाळेबरोबर काम करता का, आणि आम्हाला घरी काय करायचं ते शिकवाल का? स्पीच थेरपिस्ट असो की बालमानसशास्त्रज्ञ, पदवीपेक्षा या दोन उत्तरांवर मी जाईन. मुलीला एकटीला खोलीत घेऊन ‘मी बोलती करतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. त्या खोलीत ती बोललीही, तरी तिचा वर्ग दुसरीकडे आहे.